सहा, दहा, दोन, सहा, दहा

सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूझीलंडमधल्या आयांना तान्ह्या बाळाला पाजायच्या या वेळा सांगितल्या जात. रात्री दहानंतर थेट सकाळी सहा. मधल्या आठ तासांत बाळ रडलं तरी पाजायचं नाही. एकदा शिस्त लागली की बाळ झोपेल, आईही झोपेल.

ज्यांच्या घरात सध्या दीड महिन्याचं बाळ आहे त्यांना हे वाचून हसू येईल, आणि मग थोडा हेवाही वाटेल.

हे वेळापत्रक रुजवणारा माणूस म्हणजे डॉ. फ्रेडरिक ट्रुबी किंग. डनीडन शहराजवळ सीक्लिफ इथे मनोरुग्णालय होतं, त्याचा हा प्रमुख. रुग्णालयाची स्वतःची शेती होती, गुरं होती. तिथे वासरांना काय आणि कसं पाजावं यावर काम करता करता तो माणसांच्या बाळांकडे वळला. १९०७मध्ये त्याच्या पुढाकाराने डनीडनमध्ये एक संस्था सुरू झाली. गव्हर्नरच्या पत्नी लेडी प्लंकेट यांच्या नावावरून ती पुढे 'प्लंकेट सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली. किंगला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तेवढं खरं नाही. बाळं जुलाबांनी मरत होती आणि आईचंच दूध सर्वांत सुरक्षित, हे तो जीव तोडून सांगत होता. फक्त ते दूध घड्याळाप्रमाणे द्यायचं, एवढीच अट.

अडचण त्या अटीतच आहे. अंगावरचं दूध टाकीत साठवलेलं नसतं. जेवढं बाहेर पडतं तेवढं पुन्हा तयार होतं. छाती भरलेली राहिली की शरीर उत्पादन कमी करतं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणजे रात्रीचं पाजणं बंद करणं हा बऱ्याच जणींसाठी दूध आटवण्याचा मार्ग ठरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, मागणी येईल तशी चालणारी सिस्टीम किंगने ठरावीक वेळी चालणाऱ्या क्रॉन जॉबवर टाकली. मग दूध कमी पडलं की दोष आईचा, आणि वरचं दूध सुरू.

ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. १७४८मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थेच्या, एका संचालकांना विल्यम कॅडोगन नावाच्या डॉक्टरने एक लांबलचक पत्र लिहिलं. आईने स्वतः पाजावं, बाळाला घट्ट गुंडाळू नये, अशा कितीतरी शहाण्या गोष्टी त्यात आहेत. पण पाजायचं दिवसातून मोजकेच वेळा, रात्री अजिबात नाही, हेही आहे. आणि बायकांच्या हातात फार काळ राहिलेलं हे काम आता समजदार पुरुषांनी हाती घेतलं, याचा आनंदही त्याने व्यक्त केला आहे! रात्री तीनला कोण उठणार होतं, याबद्दल मात्र काही लिहिलेलं नाही.

आता दुखण्याचं.

पाजताना दुखतं हे कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडे पान्हा म्हटलं की लगेच वात्सल्यच आठवतं. हिरकणीचंच बघा. कोजागिरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली, अशी आख्यायिका. बाळाची भूक सगळ्यांनी पाहिली. पण दिवसभर बाळापासून लांब राहिलेल्या बाईची छाती दगडासारखी झालेली असते, कपड्याचा स्पर्शही सोसत नाही, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही. मला तर वाटतं, ती स्वतःच्या दुखण्यासाठीही उतरली असेल. एसटी स्टँडवरच्या 'हिरकणी कक्षा'त शिरणाऱ्या बाईला हे पटकन कळेल.

ब्रिटनमध्ये या दुखण्यावरही घड्याळाचाच उपाय होता. बाळ जास्त वेळ चोखतं म्हणून स्तनाग्रांना चिरा पडतात, असं पक्कं समजलं जाई. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं, मग पाच, मग सात, मग दहा. गरोदरपणात स्तनाग्रं खरखरीत टॉवेलने किंवा ब्रशने घासून 'कणखर' करायचे सल्लेही होते. वाचतानाच अंगावर काटा येतो.

ऑक्सफर्डमधल्या क्लोई फिशर नावाच्या सुईणीने ही समजूत उलटी केली. १९८५मध्ये तिने एक लेख लिहिला. स्तनपानाच्या बाबतीत आपण चुकलो कुठे, हाच त्याचा प्रश्न. तिने आणि तिच्यासारख्यांनी दाखवलं ते असं: किती वेळ चोखलं यापेक्षा बाळाने छाती कशी तोंडात घेतली आहे, हे महत्त्वाचं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात. मग बोंड टाळूच्या मऊ भागापर्यंत जातं आणि बाळ तासभर प्यालं तरी सहसा दुखत नाही. नुसतं टोक पकडलं तर ते टाळूच्या कडक भागावर दाबलं जातं आणि दोन मिनिटांतही चीर पडते.

मिनिटांच्या बंधनाने उलट घोळ वाढत असे. बाळ अर्धवट प्यायचं, छाती दाटायची, ताणलेली छाती बाळाच्या तोंडात नीट यायची नाही, मग ते टोकच पकडायचं आणि चिरा वाढायच्या. त्यावर उपाय काय, तर अजून कमी मिनिटं. बग एका फाइलमध्ये आणि पॅच दुसऱ्याच, असं कित्येक दशकं चाललं. १९८९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने प्रसूतिगृहांसाठी दहा सूत्रं काढली. त्यात बाळ मागेल तेव्हा पाजा हे आहे आणि कसं पाजायचं ते आईला दाखवा, हेही आहे.

पण बाळ मागेल तेव्हा म्हणजे रात्री दोनला, साडेतीनला आणि पाचला. घड्याळ हटलं तरी जागरण उरलंच. यावर आपल्या जुन्या घरांकडे एक उत्तर होतं: सव्वा महिना. बाळंतिणीने बाजेवर पडायचं आणि पाजायचं. बाळाला न्हाऊमाखू घालणं, धुणं, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, हे इतरांकडे. बाळाला रात्री झोपवण्याचा हट्ट नव्हता, आईची झोप दिवसा भरून निघायची. याचं उगाच गुणगान नको. त्याच घरांमध्ये चिकाचं दूध पिळून टाकलं जायचं, बाळाला मधाचं बोट दिलं जायचं, धुरी-शेगडीच्या खोलीत बाई घुसमटायची, विटाळ होताच. आणि ही विश्रांती माहेर असलेल्यांना, हातावर पोट नसलेल्यांना. तरी कामाची वाटणी ही त्यातली गोष्ट बरोबर होती. हिंजवडीच्या वन बीएचकेत आम्ही दोघं ती लाडवांच्या डब्यापलीकडे काही आणू शकलो नाही.

प्लंकेटचीही गंमत इथेच आहे. इतिहासकार लिंडा ब्रायडर यांनी या संस्थेवर मोठं पुस्तक लिहिलं आहे. त्यातून दिसतं की आया सगळे नियम मुकाट पाळत नव्हत्या. हवं ते घेत, नको ते सोडून देत. पण प्लंकेटची नर्स त्यांना हवी असे. ती घरी यायची, बाळाला उचलून बघायची, आईशी बोलायची. मला वाटतं, वेळापत्रकाच्या नावावर जे यश जमा झालं, त्यातलं बरंचसं या दार वाजवणाऱ्या बाईचं असणार.

हेच आपल्याकडे जास्त स्पष्ट दिसलं, तेही गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. या गावातल्याच बायका. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासायच्या, ऊब द्यायला, पाजायला शिकवायच्या, जंतुसंसर्गावर उपचार करायच्या. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११पासून देशभर आशा कार्यकर्त्या असंच काम करतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी सहा वेळा जायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी.

तिसरा दिवस नीट निवडलेला आहे. बऱ्याच जणींना दूध भरून येतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोवर नॉर्मल बाळंतपण झालेलीला घरी सोडलेलं असतं. दाटणं, चिरा, रडारड, सगळं घरी आल्यावर सुरू होतं.

माझ्या फोनमधलं अॅप डावी-उजवी बाजू, मिनिटं आणि दोन फीडमधलं अंतर न चुकता मोजायचं. दुखलं का, हे टाकायला जागा नव्हती. आशाताईंच्या कागदी फॉर्ममध्ये मात्र तो प्रश्न छापलेला आहे: स्तनाग्रांना चिरा आहेत का, छाती दुखते किंवा दाटली आहे का.