लहान मुलांना गोचीड चावल्यास काय करावे?

पनवेल परिसरात कर्नाळा, प्रबळगडची भटकंती, गावचा गोठा किंवा घरातला कुत्रा, यांपैकी कुठूनही मुलाच्या अंगावर गोचीड येऊ शकते. ती चावताना दुखत नाही, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, पण काही गोचिडींमुळे रिकेट्सियाचा ताप येतो. तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

गोचीड कशी काढावी?
• बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत, तोंडाजवळ धरा.
• न पिळता, न झटकता सरळ वर ओढा.
• जागा साबण-पाण्याने धुवा, अँटीसेप्टिक लावा.
• गोचीड नखाने चिरडू नका. चिकटपट्टीत बंद करून टाकून द्या.
• तोंडाचा तुकडा आत राहून सहज निघत नसेल, तर उकरू नका.

तेल, रॉकेल, चुना लावणे किंवा काडीचा चटका देणे टाळा. यात वेळ जातो आणि त्वचेला इजा होते. चावल्याची तारीख लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
पुढील दोन ते तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, चाव्याच्या जागी काळी खपली किंवा अंगावर पुरळ दिसल्यास त्याच दिवशी जा. तळहात-तळपायांवरील पुरळ विशेष महत्त्वाचे. पुरळ येण्याची वाट पाहू नका. मूल सुस्त झाले, झटका आला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात असा ताप डेंग्यूसारखा वाटतो, म्हणून "गोचीड चावली होती" हे स्वतःहून सांगा. संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. या आजारात थोड्या दिवसांसाठी ते आठ वर्षांखालील मुलांनाही देतात. ताप नसताना स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग किंवा गोव्यातील सत्तरी भागात जाऊन आला असाल तर तेही सांगा. तिथे गोचिडीमुळे माकडताप आढळला आहे.

प्रतिबंध
• रानात पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला, पॅन्ट मोज्यात खोचा.
• घरी आल्यावर आंघोळ घाला. कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे तपासा.
• कुत्र्याला व गुरांना पशुवैद्याच्या सल्ल्याने गोचिडीचे औषध लावा. जनावरांचे औषध मुलांना कधीही लावू नका.