बेपत्तांचा चित्रकार : वॉल्टर लँग्ली आणि न्यूलिनचा किनारा

साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा ‘कला म्हणजे काय?’ हा ग्रंथ मराठीत आणला. खरी कला कोणती हे सांगताना टॉलस्टॉय मोठमोठी नावे बाजूला सारतो आणि लंडनच्या १८९७ सालच्या प्रदर्शनातील एका लहानशा चित्रापाशी थांबतो. वाटेवरचा एक भिकारी मुलगा कोणी दयाळू बाईने घरात बोलावला आहे. तो जेवतो आहे, बाई त्याच्याकडे पाहते आहे आणि सात-एक वर्षांची मुलगी त्याच्यावरून नजर हलवत नाही. दारिद्र्य म्हणजे काय, हे तिला आयुष्यात प्रथमच उमगते आहे. हा चित्रकार फारसा प्रसिद्ध नसावा, असे टॉलस्टॉयला वाटले. पण चित्र मात्र त्याने अस्सल कलाकृतींत गणले. त्या चित्रकाराचे नाव वॉल्टर लँग्ली. आजच्या व्याख्यानाचा विषय हा चित्रकार आणि त्याने रंगवलेले मच्छीमारांचे गाव हा आहे.

लँग्लीचा जन्म १८५२ सालचा, बर्मिंगहॅमचा. बाप शिंपी, घरात मुले पुष्कळ, मिळकत तुटपुंजी. पंधराव्या वर्षी तो शिळाछापाच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. चित्रकलेचे शिक्षण त्याने पुढे मिळवले, पण आधी हाताला शाई लागली होती. १८८२ साली तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील न्यूलिन या गावी येऊन राहिला. त्याच्यामागून स्टॅनहोप फोर्ब्स, फ्रँक ब्रॅम्ली आणि इतर अनेक चित्रकार तेथे आले, आणि त्या गावाच्या नावाने एक चित्रसंप्रदायच ओळखला जाऊ लागला. यांतील बहुतेकांनी पॅरिस किंवा अँटवर्प पाहिले होते. लँग्लीची जी विशेष शिदोरी होती ती वेगळी : गरिबाच्या घरात चूल कशी पेटते, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते.

गाव कसे होते? लँग्ली आला तेव्हा आजचे मोठे बंदर बांधलेले नव्हते. फोर्ब्सच्या १८८५ सालच्या प्रसिद्ध चित्रात ओल्या वाळूवरच माशांचा लिलाव चाललेला दिसतो. होड्या दूर पाण्यात उभ्या आहेत आणि माल छोट्या नावांतून काठाला आणलेला आहे. नवे धक्के उभे राहिले ते १८८५ ते १८९४ या वर्षांत. पुरुष बांगडा आणि तारलीच्या जातीचा पिलचर्ड पकडत. पिलचर्ड मिठात मुरवण्याचे काम बायकांचे. तो पिंपांत भरून थेट इटलीपर्यंत जाई. ताजे मासे पाठीवरच्या टोपलीत घालून, टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन बायका शेजारच्या पेन्झान्स गावात विकायला जात. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्याशी ज्यांच्या घरांची नाळ आहे, त्यांना ही कामाची वाटणी नवीन वाटणार नाही. दर्यावर जायचे पुरुषांनी, आणि दर्याने दिलेल्याचा पैसा करायचा बायकांनी.

अशा गावात चित्रकाराने काय रंगवावे? खवळलेला समुद्र, फाटलेली शिडे, लाटांशी झुंजणारे नावाडी, हे विषय हाताशी होते. लँग्लीने समुद्राकडे जवळजवळ पाठ केली आणि किनाऱ्यावर उरलेल्यांकडे तोंड केले. १८८४ सालच्या त्याच्या एका जलरंगातील चित्राचे नावच ‘बेपत्तांमध्ये’ असे आहे. १८८९ च्या चित्राचे नाव ‘आपत्ती’. १८९४ च्या मोठ्या तैलचित्राला त्याने टेनिसनच्या शोककाव्यातून शीर्षक घेतले. संध्याकाळ आहे, पाणी शांत आहे, धक्क्यावर एक तरुण स्त्री तोंड ओंजळीत लपवून बसली आहे. शेजारी एक वृद्धा तिच्या पाठीवर हात ठेवून आहे. होडी दिसत नाही, प्रेत दिसत नाही, वादळही दिसत नाही. वृद्धेच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही. ही वेळ तिच्यावरही कधी तरी येऊन गेली असावी, असे पाहणाऱ्याला वाटते आणि चित्र तेथेच पूर्ण होते.

या चित्रांना ‘भावनाप्रधान’ म्हणून बाजूला ठेवण्याची रीत पुढच्या काळात पडली. रडणाऱ्या बायका दाखवून शहरी श्रीमंतांच्या डोळ्यांत पाणी आणायचे आणि चित्र विकायचे, असा तो आक्षेप. त्यात काही अंशी तथ्य आहे. अशा चित्रांना त्या काळी गिऱ्हाईक होते. ब्रॅम्लीचे १८८८ चे ‘निराशेची पहाट’ हे चित्र तर सार्वजनिक संग्रहासाठी विकत घेतले गेले. त्यातही सासू-सून, विझत आलेली मेणबत्ती आणि खिडकीबाहेरचा समुद्र आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारावा. या भावनेची नोंद दुसरीकडे कोठे आहे?

बुडालेल्या माणसाची नोंद दप्तरात होते. होडीच्या नुकसानीचीही होते. पण होडी परतली नाही आणि प्रेतही सापडले नाही, तर मधल्या काळात त्या घराचे काय होते? नवरा गेला असे म्हणवत नाही, आहे असेही म्हणवत नाही. आपल्याकडे तर हा प्रश्न कुंकवाशी येऊन थांबतो : ठेवायचे की पुसायचे? कायद्यानेही या अवस्थेला एक मुदत घातली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे ज्याची सात वर्षे त्याच्या आप्तांना काहीही खबर नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे, असा नियम होता. इंग्रजी कायद्यातही सात वर्षांचाच दंडक होता. सात वर्षे म्हणजे तान्हे मूल शाळेत जाऊ लागते तेवढा काळ. त्या काळाचे रजिस्टर नसते. लँग्लीची चित्रे म्हणजे त्या कोऱ्या पानांवरची नोंद आहे. म्हणून त्यांतील भावना हा इतिहासावर चढवलेला मुलामा नव्हे. पुराव्याचा ऐवज तीच आहे.

तरीही हा पुरावा अर्धाच आहे, हेही त्याच दमात सांगायला हवे. मे १८९६ मध्ये न्यूलिनमध्ये दंगल झाली. गाव मेथडिस्ट पंथाचे. रविवारी समुद्रावर जायचे नाही हा तेथला नेम. पूर्व किनाऱ्याहून येणाऱ्या होड्या मात्र रविवारीही मासेमारी करीत, आणि सोमवारचा बाजार त्यांच्या हाती जाई. प्रश्न धर्माचा होता तितकाच पोटाचाही होता. न्यूलिनच्या लोकांनी परक्या होड्यांवर चढून त्यांचे बांगडे समुद्रात फेकले. अखेर सरकारला लष्कर बोलवावे लागले. धक्क्यावर मुकाट्याने आसवे गाळणारे गाव आणि मुठी आवळून त्याच धक्क्यावर उतरलेले गाव, दोन्ही एकच. लँग्लीच्या गाजलेल्या चित्रांत हे दुसरे गाव येत नाही. त्याची सहानुभूती खरी होती, कष्टकऱ्यांच्या बाजूचे त्याचे राजकीय विचारही ठाम होते; पण चित्रात त्याने गरिबाचे दुःख घेतले, संताप घेतला नाही. दुःख पाहून प्रेक्षकाला दया येते. संताप पाहून त्याला हिशेब द्यावा लागला असता, की ताटातल्या माशाचा भाव कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो.

दीडशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातील ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की ती तेथेही संपलेली नाही आणि येथेही नाही. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री न्यूलिनशेजारच्या माउझल गावातील आठ जण वादळात सापडलेल्या जहाजातील माणसांना वाचवायला जीवरक्षक नाव घेऊन गेले. नावेतले आणि जहाजावरचे मिळून सोळाही जण बुडाले. आपल्या किनाऱ्यावर दर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो तोही उगीच नव्हे. त्या नारळात विनवणी असते.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यापासून दूर, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडे वसली, तरी कोकणची कोळीण आपल्या दिवाणखान्यांतल्या चित्रांत राहिली. बहुधा ती डोक्यावर टोपली घेऊन हसत उभी असते. लँग्लीकडून शिकण्यासारखे एवढेच की तिला संध्याकाळीही पाहावे, होड्या मोजताना. आणि न्यूलिनच्या दंगलीकडून शिकण्यासारखे हे की तिला नुसते रडताना पाहून आपले काम संपले, असे समजू नये.