कुलसुम सायानी आणि त्यांचा ‘रहबर’

शेलारच्या पालकहो, आपल्या घरातील दादी सही करतात की अंगठा? हा प्रश्न घेऊनच कुलसुम सायानी (१९००–१९८७) मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांतून दारोदार हिंडल्या. स्वतः डॉक्टरांच्या कन्या, डॉक्टरांच्याच पत्नी. घरी काय उणे होते? पडद्यातील भगिनी वर्गाला येईनात, तेव्हा बाईंनी वर्गच त्यांच्या घरी नेला! परंतु अक्षरे आली तरी वाचायचे काय? म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने १९४० साली त्यांनी ‘रहबर’ पाक्षिक काढले. लिप्या तीन, उर्दू, नागरी, गुजराती. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. ते १९६० पर्यंत चालले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. चिरंजीव अमीन लहानपणापासून या कामात अम्मीच्या हाताखाली असत. ‘बिनाका गीतमाला’तून देशभर पोहोचलेली अमीन सायानींची भाषा तिथलीच.