यहूदा इस्कर्योत : इच्छास्वातंत्र्य व पूर्वनियती
येशूच्या 12 शिष्यांपैकी एक असलेल्या यहूदाने आपल्या गुरूला शत्रूंच्या हाती धरून दिल्याची हकिकत ख्रिस्ती धर्मविचारात इच्छास्वातंत्र्य, म्हणजे स्वतः निवड करण्याची क्षमता, आणि पूर्वनियती, म्हणजे ईश्वराने आधीच ठरविलेला घटनाक्रम, यांच्या वादात वारंवार पुढे येते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपला अंत शास्त्रलेखाप्रमाणे होणार असे सांगतो आणि लगोलग धरून देणाऱ्याचा धिक्कारही करतो. विधिलिखित व दोष असे एकत्र आल्यानेच प्रश्न बिकट झाला आहे. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक ऑरिजेनने भाकीत हे घटनेचे कारण नसते, उलट घटना घडणार म्हणूनच तिचे भाकीत होते, असे प्रतिपादन केले. इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या एरॅस्मसला 1525 मध्ये उत्तर देताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मात्र, ईश्वराचे पूर्वज्ञान अचूक असल्याने यहूदाची कृती अटळ होती, तथापि ती त्याने बळजबरीने नव्हे तर राजीखुशीने केली, असे मांडले. हा भेद सूक्ष्म असला, तरी अटळ कृतीचा दोष कर्त्याच्या माथी का यावा, याचा उलगडा त्याने पुरता होत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील यहूदा पश्चात्तापाने चांदीची 30 नाणी मंदिरात फेकून गळफास घेतो. नियतीच्या हातचे बाहुले असे वागत नाही. यहूदाचा विश्वासघात हे प्रेषित पौलाच्या पाचारणाइतकेच ईश्वराचे स्वतःचे कार्य होय, हे मत कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 मध्ये निषिद्ध ठरविले.