गरोदर स्त्री तुरुंगात असेल तर : उपचार आणि हक्क

घरातली लेक किंवा सून गरोदरपणात अटकेत गेली की किल्लारीसारख्या गावात घरचे आधी वकील शोधायला लातूरला धावतात आणि दवाखान्याची फाईल कपाटातच राहते. दोन्ही कामं एकाच दिवशी करा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ततपासणीच्या झेरॉक्स कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पोहोचवा. आधीचं सिझर, बीपी-शुगरच्या गोळ्या, हिमोग्लोबिन किती, हे त्यांना या कागदांवरूनच नीट कळेल. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका.

अटकेनंतरची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायला हवी. दिवस गेल्याचं तेव्हाच स्पष्ट सांगावं. तिसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही, आणि लाजेपोटी सांगायचं राहून जातं.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं आहे की प्रसूती शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावी आणि बाळाच्या जन्मनोंदीत तुरुंगाचा उल्लेख नसावा. त्यासाठी तात्पुरती सुटका मागता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या गरोदर कैद्याला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा जामीन दिला. गुन्हा गंभीर आहे म्हणून अर्जच करू नका, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र जामीन मिळेलच असं नाही, तो न्यायालय ठरवतं.

गर्भपाताचा निर्णय तिचाच. याच उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कैदी स्त्रियांबाबत हे स्पष्ट केलं. इथे आठवडे मोजले जातात, त्यामुळे अर्ज लगेच द्यावा.

भेटीच्या वेळी तिला एवढं पाठ करून द्या : रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता पहारेकरी बाईला सांगायचं. दाद लागली नाही तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि वकिलामार्फत न्यायालयाला कळवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याने तिला मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. प्रसववेदना सुरू असताना बेड्या घालू नयेत, असं संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियम सांगतात.

बाळ सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्याचं लसीकरण कार्ड वेगळं ठेवा. आई सुटली किंवा बाळ घरी आलं, तर पुढचे डोस आपल्या आरोग्य केंद्रात त्यावरूनच देता येतात.