कंपवात आणि भाषेचे आकलन

मेंदूतील डोपामिन हे रसायन घटल्याने होणाऱ्या कंपवातात म्हणजेच पार्किन्सन्समध्ये बोलण्याप्रमाणे ऐकलेले समजण्यावरही परिणाम होऊ शकतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन करताना बुद्धी अबाधित राहते असे नोंदवले. ते मत पुढे टिकले नाही. सुट्या शब्दांचे अर्थ बहुधा शाबूत असतात. अडते ते गुंतागुंतीच्या रचनेत. ‘ज्या मुलाला मुलीने ढकलले तो रडला’ या वाक्यात कोणी कोणाला ढकलले हे ठरवेपर्यंत आधीचे शब्द ध्यानात धरावे लागतात. मेंदूत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा भाग आणि मेंदूचा पुढचा भाग यांना जोडणारी यंत्रणा मंदावल्याने नेमके तेच कठीण होते. स्वरातला राग किंवा उपरोध ओळखणेही काहींना जड जाते. केंब्रिजशरमधील ‘कॅम्पेन’ या दीर्घकालीन अभ्यासात प्राण्यांसारख्या एका गटातली नावे भराभर न आठवणे ही पुढील स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना ठरली. संवादात अडचण असलेल्या रुग्णाला वाचा-भाषा उपचार द्यावेत, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका सांगते. आजारामुळे निर्विकार दिसणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळत नाही असे घरच्यांनी मुळीच धरू नये. आखूड वाक्यांत बोलावे आणि उत्तराला वेळ द्यावा.