डोमेन नामांची निवड आणि स्थलनामांचे व्यापारी मूल्य : धरमतर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

धरमतर हे अंबा नदीच्या खाडीवरील जुने बंदर. 'तर' म्हणजे उतारूंना पैलतीरी नेणारी नाव. मुंबईहून निघालेल्या बोटी येथे लागत आणि प्रवासी पुढे खुष्कीच्या वाटेने पेणकडे व दक्षिणेकडे जात. या ठिकाणाला महत्त्व आले ते तेथे पिकणाऱ्या मालामुळे नव्हे, तर तेथून होणाऱ्या ये-जा मुळे. इंटरनेटवरील अॅफिलिएट संकेतस्थळाचे स्वरूपही असेच असते. ते स्वतःचा माल विकत नाही. वाचकाला माहिती देऊन ते दुसऱ्याच्या दुकानापर्यंत पोहोचवते आणि विक्री झाल्यास अडत घेते. अशा व्यवसायासाठी कोणते डोमेन नाम विकसित करण्याजोगे ठरते, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पेण, अलिबाग, रोहा यांसारखी लौकिकप्राप्त स्थलनामे याच बाजारात येत असल्याने या प्रश्नास स्थानिक महत्त्वही आहे.

नावांचा बाजार

'डॉट कॉम' प्रकारातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. पुढील दहा वर्षे ही नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ मध्ये दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क सुरू झाले, तरी जो प्रथम येईल त्याला नाव, हे तत्त्व कायम राहिले. त्यातून नावांचा साठा करण्याची प्रवृत्ती वाढली. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकले गेले, तेव्हा सर्वसामान्य नाम हीच संपत्ती होय असा समज दृढ झाला. परंतु पाळीव प्राण्यांच्या साहित्याचा व्यापार करणारी 'पेट्स डॉट कॉम' ही कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये भांडवल बाजारात उतरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद पडली. नाव सुटसुटीत होते, सर्वमुखी होते. व्यवहार मात्र तोट्याचा होता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. 'डॉट इन' नावांची नोंदणी प्रारंभी मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. नियम कडक असल्यामुळे २००४ अखेरपर्यंत सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. जानेवारी २००५ मध्ये धोरण शिथिल झाले आणि हा प्रांत सर्वांना खुला झाला.

अडतीचा व्यवसाय

अॅमेझॉनने जुलै १९९६ मध्ये सहयोगी योजना सुरू केली आणि अडतीच्या या पद्धतीस व्यापक रूप आले. या व्यवसायात नावाची कसोटी दुहेरी असते. लोक त्या विषयाचा शोध घेतात काय, आणि शोध घेणाऱ्याच्या मनात खरेदीचा हेतू असतो काय? केवळ वाचकसंख्या पुरेशी नसते. शिवाय ज्या मालाकडे वाचकाला न्यायचे, त्याच्या विक्रेत्याची अडत देण्याची तयारीही हवी.

शोधले जाणारे शब्दच नावात घेतले की संकेतस्थळ आपोआप वर येते, अशी समजूत बराच काळ होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने अशा शब्दबरहुकूम परंतु निकृष्ट मजकुराच्या स्थळांचे स्थान खाली आणले. तेव्हापासून नावापेक्षा नावामागील मजकुराचे पारडे जड झाले.

न्यायालयांची भूमिका

दुसऱ्याच्या लौकिकावर नाव उभारण्याचा मार्ग न्यायालयांनी लवकरच रोखला. 'रेडिफ' या नावाशी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव घेणाऱ्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. डोमेन नाम हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच तत्त्व मान्य केले.

स्थलनामांची स्थिती याहून वेगळी आहे. 'बार्सिलोना डॉट कॉम' हे नाव २००० मध्ये लवादाने बार्सिलोना नगरपालिकेकडे देण्याचा निर्णय दिला. पण अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००३ मध्ये तो फिरवला. शहराचे केवळ भौगोलिक नाव ही कोणाची व्यापारी मालमत्ता नव्हे, हा त्यामागील विचार होता. म्हणजेच गावाचे नाव प्रथम नोंदणारा परका असला, तरी निव्वळ त्या कारणाने गावाला ते परत मिळत नाही.

स्थलनामांचा पेच

धरमतर परिसरात या पेचाला तीन पदर आहेत. पहिला लिपीचा. 'पेण' हे नाव रोमन लिपीत लिहिले की लेखणीवाचक इंग्रजी शब्दाशी एकरूप होते. त्यामुळे त्या नावाच्या शोधात असणारा बहुतांश वाचक गणेशमूर्तींचा नसून फाउंटन पेनचा असतो. अलिबागचे रोमन लेखन दोन प्रकारे रूढ आहे; एक नाव घेणाऱ्याचा काही वाचक दुसऱ्याकडे जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' उपलब्ध झाले. तेथे पेण आणि पेन यांतील भेद टिकतो.

दुसरा पदर ऋतूचा. पेणच्या मूर्तींची मागणी भाद्रपदाच्या आधीच्या काही महिन्यांत एकवटते. निव्वळ मूर्तींवर बेतलेले नाव वर्षाचा उरलेला काळ ओस पडते. पेणचे पोहे आणि पापड यांनाही सामावून घेणारे नाव अधिक टिकाऊ ठरू शकते.

तिसरा पदर सर्वांत गंभीर आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या मूर्तिकलेचा लौकिक मिळवला. त्यांचे कारखाने अडत देणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानांत असतीलच असे नाही. अशा वेळी पेणचे नाव धारण करणारे संकेतस्थळ वाचकाला अन्यत्र घडलेल्या मूर्तीकडे नेऊ शकते. लौकिक एकाचा, अडत दुसऱ्याची आणि माल तिसऱ्याचा, अशी ही अवस्था होय. भौगोलिक उपदर्शनांचा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ मध्ये असे उपदर्शन मिळाले. हे संरक्षण त्या प्रदेशातील विशिष्ट मालास असते. गावाच्या नावावर ते सरसकट हक्क देत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून विकसित करण्याजोग्या नावाच्या चार कसोट्या निघतात : खरेदीच्या हेतूने होणारा शोध, दुसऱ्याच्या हक्कापासून मुक्तता, लेखन-उच्चारातील एकरूपता आणि नाव जे वचन देते ते पाळण्याची क्षमता. पहिल्या तिन्ही कसोट्या नोंदणीपूर्वी तपासता येतात. चौथी मात्र नंतरच्या परिश्रमांनीच सिद्ध होते आणि स्थलनामाच्या बाबतीत तीच निर्णायक होय. कारागिरांच्या सहकारी संस्थांनी, ग्रामपंचायतींनी आणि परिसरातील महाविद्यालयांनी आपल्या गावाची नावे वेळीच नोंदवून त्यांवर अस्सल माहिती उभी करणे, हा कायद्याच्या मर्यादेत राहून करता येण्याजोगा उपाय आहे. नोंदणीचा वार्षिक खर्च अल्प असतो. गमावलेले नाव परत मिळवणे मात्र बहुधा महाग पडते.